अठरा कोरी मिनिटं

मे महिना उतरणीला लागला, वारा पडला आणि बदलापूरच्या बेलवलीतल्या गल्ल्यांतून जांभळांच्या पाट्या फिरू लागल्या की मला राग येऊ लागतो. कुणाचा, ते त्या वेळी सांगता येत नाही. घरचे म्हणतात, उकाड्यानं होतं. उकाडा असतोच. भिंतीला पाठ टेकवत नाही, पंखा गरम हवाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलत असतो. पण उकाड्यानं माणूस नुसता वैतागतो. माझा राग तसा नाही. तो वर्षभर कुठेतरी पडून असतो आणि या दिवसांत येऊन बरोबर छातीवर बसतो.

परवा तसंच झालं. मी जेवत होतो. बायकोनं फोन उचलला, त्यावरच्या माईकच्या खुणेवर अंगठा दाबून धरला आणि लोणच्याला मोहरी किती घालायची ते तिच्या बहिणीला सांगितलं. अंगठा उचलला. आवाज गेला, पोचला, बहिणीनं ऐकला आणि तिकडून तिचं हसणंही आलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. मी ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तुझी मोहरी इतक्या सहज पोचली याचा मला राग आला, हे तिला कसं सांगणार?

ते साल दोन हजार आठ. मी डिप्लोमा संपवून अंबरनाथच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. घरात आई, पप्पा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहायची असं लोक म्हणत. खरं तर आम्हीच तिच्याकडे राहायचो, कारण घरात शब्द तिचा चालायचा. आणि शब्द चालायचा कारण आवाज तिचा होता. ती गॅलरीतून मला हाक मारायची ती पार बदलापूर गावात ऐकू जाते, असं शेजारी म्हणायचे. विहारात वंदना तिच्याशिवाय सुरू व्हायची नाही. माईक असला तरी ती तो हातानं बाजूला सारायची. हळदीला गाणी तिचीच. पण गाण्यापेक्षा ती ओरडायची जास्त. नळाला पाणी कमी आलं की नगरपालिकेवर, दुधात पाणी जास्त आलं की दूधवाल्यावर, परीक्षेत मार्क कमी आले की माझ्यावर. तिची मायासुद्धा ओरडण्यातूनच यायची. ताप आलेल्या माणसाला ती असं झापायची की ताप उतरवण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

ती अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वीसेक वर्षं. स्टेशनवरून शेअर रिक्षानं शेडपर्यंत, मग दिवसभर फावड्यानं रंगाची पावडर पिशव्यांत भरायची, वजन करायचं, तोंड बांधायचं. कोणत्या आठवड्यात कोणता रंग चालू आहे ते आम्हाला मोरीतल्या पाण्यावरून कळायचं. कधी निळं, कधी हळदीसारखं पिवळं. तिच्या उशीच्या अभ्र्यावर तिच्या डोक्याचा डाग असायचा आणि तो कुठल्याच साबणाला दाद देत नसे. कंपनी रोज हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं घशातली पावडर खाली जाते, असं सुपरवायझर सांगायचा. खाली म्हणजे कुठे, हे वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला तो गूळ आवडायचा. लहानपणी ती अर्धा खडा पदराला बांधून माझ्यासाठी आणायची.

आदल्या दिवाळीत तिचा आवाज बसला होता. गल्लीतल्या डॉक्टरनं बाटली दिली. होळीपर्यंत बाटल्या झाल्या, काढे झाले, हळदीचं दूध झालं. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा कळलं की स्वरयंत्रावर गाठ आहे आणि सगळं स्वरयंत्रच काढावं लागणार. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी विचारलं, तंबाखू खाता का. आत्या म्हणाली, मिशरी लावते सकाळी. डॉक्टरांनी कागदावर ते लिहिलं. काम काय करता, हे विचारलं नाही, त्यामुळे लिहिलंही नाही. आवाज किती उरेल, असं आत्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, उरणार नाही, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल. त्यावर आत्यानं चहा पिता येईल ना, एवढंच विचारलं.

ऑपरेशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं. हातात पंधरा दिवस होते.

तिचा आवाज जपून ठेवू या, ही कल्पना पप्पांची. त्यांनी सरळ सांगितलं, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे टेपरेकॉर्डर आहे, कोरी कॅसेट आणतो, आक्काला म्हणायला लावू. मी त्यांना हसलो. हे मी लिहितो आहे, कारण पुढचा सगळा राग फिरून फिरून या हसण्यापाशी येतो. मी म्हणालो, पप्पा, कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, कॉम्प्युटरवर घेऊ, म्हणजे कायमचं राहील. पप्पांना कॉम्प्युटरमधलं कळत नव्हतं आणि मला कळतं, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी कॅसेटचा विषय सोडला.

कॉम्प्युटर उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानातून जोडून घेतला होता. त्यावर आधी सगळ्यांकडे असायची तीच चोरीची सिस्टीम होती. व्हायरसनं ती दोनदा खाल्ली, तेव्हा माझा मित्र प्रसन्न यानं एक सीडी आणून त्यावर लिनक्स टाकून दिलं. फुकट, कायदेशीर, व्हायरस नाही. मी भारावलो होतो. पहिल्या आठवड्यात स्पीकरमधून चकार शब्द येत नव्हता. आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा एक काळा पडदा असतो, त्यातली एक पट्टी बंद होती, ती उघडायला मला चार दिवस लागले. गाणं वाजलं तेव्हा मी सगळ्या घराला बोलावून ऐकवलं होतं. तेव्हापासून मला वाटायचं, आवाजाचं आपल्याला कळतं.

पहिली बैठक झाली ती मला डोळ्यांपुढे दिसते. आत्यानं न्हाऊन पांढरी साडी नेसली, विहारात जाताना नेसायची ती. तिला खुर्चीवर बसवलं, माईक पुस्तकांच्या चवडीवर ठेवला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. आईनं कुकरची शिट्टी काढून ठेवली. आत्या घामानं निथळत होती, पण आवाज त्या दिवशी लागला होता. घोगरा, तरी भरीव. तिनं वंदना म्हटली. मग हळदीची दोन गाणी, मग तिच्या आईनं तिला शिकवलेलं जात्यावरचं एक, जे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, त्यामुळे मला सगळं ठीक वाटलं. शेवटी ती खोकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, झालं. मी फाइल उघडली. अठरा मिनिटांची होती. लावली. काही वाजलं नाही. आवाज वाढवला. स्पीकर हलवला. गाण्याची दुसरी फाइल लावली, ती खणखणीत वाजली. पुन्हा आत्याची लावली. अठरा मिनिटं होती, पण तिच्यात साधी खरखरसुद्धा नव्हती.

आत्या माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "मग एवढा वेळ मी कुणाशी बोलले?"

मी तिला म्हणालो, उद्या करू, छोटासा प्रॉब्लेम आहे. तिनं साडीचा पदर झटकला आणि आत गेली. मी कॉम्प्युटरच्या डब्याला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं ते पुढे दोन महिने तसंच होतं.

पुढचे आठ दिवस मी जसा वागलो तसा आयुष्यात कधी वागलो नाही. घरात इंटरनेट नव्हतं. मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचो, लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर माझी अडचण लिहायचो आणि उत्तराची वाट बघायचो. पहिलं उत्तर आलं, हा प्रश्न हजारदा विचारून झालाय, आधी शोधायला शिका. दुसऱ्यानं लिहिलं, अमुक आज्ञा चालवून काय येतं ते इथे टाका. ती आज्ञा मी कागदावर उतरवून घ्यायचो, उन्हातून घरी यायचो, टाइप करायचो, पडद्यावर जे येईल ते पुन्हा कागदावर लिहायचो आणि परत कॅफेत. एकदा उतरवताना एक आडवी रेघ राहिली आणि त्या रेघेपायी अख्खा दिवस गेला. कुणीतरी एका फाइलमध्ये एक ओळ घालायला सांगितली. ती घातल्यावर असलेला आवाजही गेला, गाणीसुद्धा वाजेनात. ती ओळ काढली, तर गाणी परत आली, आत्या नाही.

त्यात भारनियमन. सकाळी चार तास आणि दुपारनंतर परत. आत्याचा आवाज सकाळी असायचा. झोपेतून उठली की दीडदोन तास तिला बोलता यायचं. तेव्हा वीज नसायची. वीज यायची तोपर्यंत तिचा आवाज गेलेला असायचा, नुसती हवा फुसफुसायची. मी विजेच्या वेळापत्रकाचं कात्रण भिंतीला चिकटवलं होतं. त्याकडे बघून मी काय काय बोललो ते आईनं ऐकलं आणि ती स्वयंपाकघराचं दार लावून बसली.

मला कुणाचा राग येत होता? जगातल्या कुठल्यातरी गावात बसून मला शोधायला शिकवणाऱ्याचा. वीज कापणाऱ्याचा. ज्याला काही विचारावं असा एक माणूस या कॉम्प्युटरमागे नाही, याचा. विकत घेतलेल्या वस्तूवर निदान ओरडता तरी येतं. फुकट मिळालेल्या वस्तूवर ओरडलं की लोक तुम्हालाच कृतघ्न म्हणतात. प्रसन्ननंही तेच केलं. त्याला फोन केला तर म्हणाला, लोकांनी स्वतःचा वेळ घालून हे तुझ्यासाठी लिहिलंय, शिव्या कुणाला देतोस? मी म्हणालो, "सात दिवसांनी माझ्या आत्याचा गळा कापणारेत. तुझ्या लोकांचा वेळ तिला दे."

 मग तो हळूच म्हणाला, "तो काळा पडदा उघड. एफ फोर दाब. रेकॉर्डिंगची पट्टी दिसेल. तिच्यावर जाऊन स्पेसबार दाबलास का?"

नव्हता दाबला. वाजवायच्या पट्ट्या वेगळ्या आणि ऐकून घ्यायच्या वेगळ्या, हेच मला माहीत नव्हतं. मी पट्टी उघडली ती सगळी वर नेली. पट्टी चालू झाल्याची लाल अक्षरं उमटली. समोरच्या भोकात माईक खुपसला आणि ओरडलो, हॅलो. फाइल लावली. आता खरखर होती. मी नव्हतो.

त्या खरखरीला मी दोन दिवस कवटाळून बसलो. काहीतरी येतंय म्हणजे आता येईलच, असं वाटत होतं. इकडे आत्याचा सकाळचा वेळ आक्रसत अर्ध्या तासावर आला होता. पप्पा एकदाच दारात येऊन म्हणाले, "काकांकडचा टेप आणू का रे?" मी मान वर केली नाही. ते दारातून निघून गेले. आज वाटतं, त्यांनी मला न विचारता तो आणायला हवा होता. पण ते विचारणारे होते, म्हणूनच मी असा न ऐकणारा झालो होतो.

शेवटी ऑपरेशनला चार दिवस उरले असताना मी डबा चादरीत गुंडाळला आणि रिक्षानं थेट उल्हासनगरला नेला. दुकानदार हरेशभाई, सिंधी, साठीचा, मांजरपाटाची बंडी घालून काउंटरमागे बसलेला. मी डबा दाणकन काउंटरवर ठेवला आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागतील इतक्या मोठ्यानं बोललो. माल खराब दिलात, फसवलंत, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग पेचकस घेऊन बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. आत समोरच्या माईकच्या भोकामागून निघालेली तारांची वेणी तशीच रबरबँडात बांधून लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

"साईं, आगेवाला कोई लगाता नहीं," तो म्हणाला. "माइक पीछे लगाते हैं. गुलाबी वाले में."

मला हसावं की त्याचं डोकं फोडावं कळेना. मागचं गुलाबी भोक मी पहिल्याच दिवशी वापरलं होतं. ती अठरा मिनिटं त्याच भोकातून गेली होती. तेव्हा रेकॉर्डिंगची पट्टी बंद होती, म्हणून काही आलं नाही, आणि मागचं भोक मेलेलं आहे असं समजून मी माईक पुढे आणला. मग पट्टी उघडली, तर पुढचं भोक मेलेलं. दोन बिघाड एकमेकांच्या आड उभे होते. एकाला धरायला जावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. पट्टी उघडल्यानंतर कुठल्याही क्षणी मी टेबल ओढून माईक परत मागे लावला असता, तर सगळं झालं असतं.

हरेशभाईनं काय रेकॉर्ड करायचंय ते विचारलं. मी सांगितलं.  त्यानं पुढच्या तारा जोडल्या, मागचंही तपासलं, मग स्वतः माईक हातात धरून सिंधीत दोन वाक्यं बोलला आणि मला लावायला सांगितलं. त्याचा आवाज दुकानात घुमला. तो मान वाकडी करून ऐकत राहिला. "ऐसा बोलता हूँ मैं?" त्यानं विचारलं. "मेरे बाप जैसा लगता है." मग त्यानं मला पुन्हा एकदा लावायला सांगितलं. त्याच्यावरचा माझा राग तिथेच उतरला. उरलेला सगळा माझ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी वीज कापायचे नाहीत. सकाळी सातला मी तयारी केली. आजूबाजूच्या बायका, आईच्या बहिणी, सगळ्या आत्याची गाणी ऐकायला म्हणून येऊन बसल्या होत्या. आत्या आली ती घरातल्या विटक्या साडीत. खुर्चीवर बसली, सगळ्यांकडे बघितलं आणि हातानं दार दाखवलं. बायका एकमेकींकडे बघत उठल्या. मी एकटा राहिलो, कानाला हेडफोन लावून.

मी म्हणालो, आत्या, आधी जात्यावरचं म्हण.

"गाणी एकदा म्हटली ना," ती म्हणाली. तिचा आवाज पत्रा घासल्यासारखा झाला होता. "तुझ्या डब्यानं नाय ऐकली, तो त्याचा दोष. गाणी काय, दुसऱ्या कुणाला तरी येतील. मी आता जे मला एकटीला म्हायती हाय ते सांगते."

आणि ती बोलली. गाण्याच्या सुरात नाही, नळावर नगरपालिकेला बोलायची त्या सुरात, फक्त त्या जोराशिवाय. शेडच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा आहे. तो लावला की पावडर उडून माल कमी भरतो, म्हणून तो बंद ठेवतात. तोंडाला बांधायचे मास्क कपाटात आहेत, किल्ली सुपरवायझरकडे. तपासणीचे साहेब यायचे असले की सकाळी मास्क वाटतात आणि ते गेले की गोळा करतात. तिनं बायकांची नावं घेतली. कुणाला कधीपासून खोकला आहे, कुणाच्या थुंकीत रंग येतो, कोण गावी गेली आणि परत आलीच नाही, आणि तिच्या जागी तिसऱ्या दिवशी कुणाला उभी केली. मी वीस वर्षं त्या घरात जेवलो, तिच्या पदरातला गूळ खाल्ला, आणि यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ती ओरडायची ते सगळं आम्ही तिचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं.

हेडफोनमध्ये तिच्या आवाजाखाली एक गुणगुण ऐकू येत होती. आमच्या घराला अर्थिंग नव्हतं, डब्याला हात लावला तर मुंग्या यायच्या, त्याची ती गुणगुण. मी तिला खुणेनं थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. हातानंच मला गप्प बसवून ती बोलत राहिली. अकरा मिनिटं. मग तिचा आवाज तुटला आणि उरली नुसती हवा. त्यानंतर ती माणसाच्या आवाजात कधी बोलली नाही. उरलेले तीन दिवस तिनं प्रयत्नही केला नाही.

मी ती फाइल लगेच दोन सीड्यांवर घेतली. अठरा मिनिटांची ती कोरी फाइल मी पुसली नाही. आजही आहे. वर्षातून एकदा, याच दिवसांत, मी ती पूर्ण आवाज वाढवून ऐकतो. तिच्यात जात्यावरचं गाणं आहे असं मला माहीत आहे, आणि ते आता जगात कुणालाच येत नाही.

ऑपरेशन नीट झालं. आत्या पुढे सहा वर्षं जगली. ओरडता येत नसे, म्हणून ती ताटं आपटायची. रागाच्या प्रतीप्रमाणे भांडं ठरलेलं होतं, वाटीपासून परातीपर्यंत. कामगार ऑफिसात तक्रार केली, ती वर्षानुवर्षं चालली. हे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून धरता येणार नाही, असं तिथे सांगितलं गेलं, कारण बोलणारी बाई उलट प्रश्नांना उत्तरं देऊ शकत नव्हती. कंपनीनं शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. एक गोष्ट मात्र झाली. एक सीडी पॅकिंगमधल्या एकीच्या घरी गेली, दहाबारा जणींनी ती बसून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी त्या पंखा लागेपर्यंत शेडच्या बाहेर उभ्या राहिल्या. पंखा लागला. पुढे चालू राहिला की नाही, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही. मी एवढंच धरून बसलो आहे की त्या दिवशी लागला होता.

आणि मला तो जुलैचा दिवस आठवतो. आत्याला घरी आणून आठवडा झाला होता. कंपनीचे एक साहेब सुपरवायझरला घेऊन आले. सफरचंदं आणली होती. साहेब फार अदबीनं बोलत होते, आत्याला मावशी म्हणत होते. चहा झाल्यावर त्यांनी बॅगेतून कागद काढला. तब्येतीमुळे मी स्वखुशीनं काम सोडत आहे, असं त्यात होतं, आणि खालच्या एका ओळीत, आजार तंबाखूच्या सवयीमुळे झाला आहे. हॉस्पिटलच्या कागदावरही तेच आहे ना, साहेब मला म्हणाले, आम्ही काही वेगळं लिहिलेलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. मिशरी होतीच. हरेशभाईच्या दुकानात लोंबणारी ती तारांची वेणी मला त्या क्षणी दिसली. इथेही दोन बिघाड होते आणि एकाच्या आड दुसरा बसला होता.

आत्यानं कागद वाचला, किंवा पप्पांनी वाचून दाखवला तो ऐकला. पेन घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि बोटानं कॉम्प्युटर दाखवला.

 आदल्याच दिवशी प्रसन्ननं आणलेल्या सीडीवरून सिस्टीम अपडेट केली होती आणि अपडेटनंतर आवाज जायचा, हा माझा अनुभव होता. मी फाइल उघडली. दोन सेकंद काही आलं नाही. मग गुणगुण आली, आणि गुणगुणीतून आत्या.

 आत्या गळ्यावर पांढरा रुमाल बांधून खाटेवर बसली होती, तोंड मिटलेलं, आणि तिचा आवाज स्पीकरमधून पंख्याबद्दल सांगत होता, कपाटाबद्दल, किल्लीबद्दल. सुपरवायझर खाली बघत होता. साहेब चष्मा पुसत होते. शेवटाकडे ती म्हणते, "मिशरी मी लावते, लपवत नाय. पण मिशरी माझी मी लावली. पावडर तुम्ही लावली."

साहेब उठले. मला म्हणाले, बंद करा ते. मी माउसकडे हात नेला, कारण मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं, ही माझी सवय. आत्यानं आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. ती खाटेवरून उठली, माझा हात बाजूला सारला, स्पीकरवरची गोल कळ शोधली आणि ती फिरायची थांबेपर्यंत उजवीकडे फिरवली.